इस्टेट घ्यायची आहे, पण साताऱ्याची नव्हे

वाचकाचं पत्र

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. घरात मी, नवरा आणि नऊ व सहा वर्षांची दोन मुलं. वर्षातले चार-पाच महिने साताऱ्याहून सासू-सासरे येतात, सध्याही इथेच आहेत. आमची हॅचबॅक अकरा वर्षांची झाली, आता बदलायची आहे. हाताशी २४,००० पौंड आहेत, म्हणजे सेकंड हँडच घेणार. नवऱ्याला छोटी एसयूव्ही हवी, कारण आईंचे गुडघे. मला हवी इस्टेट, म्हणजे छप्पर थेट डिकीपर्यंत गेलेली लांब पाठीची गाडी. लहानपणी नाशिकला समोरच्या डॉक्टरांकडे टाटा इस्टेट होती, तेव्हापासून लांब पाठीच्या गाड्या मला आवडतात. मर्सिडीजची सीएलए शूटिंग ब्रेक रस्त्यात दिसली की मी मान वळवून बघते. सासऱ्यांना "आपण इस्टेट घेतोय" म्हणाले तर त्यांना वाटलं आम्ही शेतजमीन घेतोय. मग फोटो दाखवला तर म्हणाले, "ही तर अ‍ॅम्ब्युलन्स." रोजची शाळा दोन मैल, नवऱ्याचं ऑफिस बारा मैल (आठवड्यातून तीनदा), हीथ्रोच्या फेऱ्या आणि महिन्यातून एकदा लंडन, एवढाच आमचा वापर. डीलर म्हणतो डिझेल घ्या, अ‍ॅव्हरेज बघत राहाल. देखणेपणासाठी पैसे घालणं हा मूर्खपणा आहे का?

उत्तर

ताई,

आधी सासऱ्यांची बाजू घेतो. त्यांचा घोटाळा वाटतो तितका चुकीचा नाही. या गाडीला ‘इस्टेट’ हे नाव जमीनजुमल्यावरूनच पडलं. गावाकडे मोठी जहागीर असलेले इंग्रज पाहुण्यांना आणि त्यांच्या ट्रंकांना स्टेशनवरून वाड्यावर आणायला लांब पाठीची गाडी ठेवायचे. अमेरिकेत हीच गाडी स्टेशनच्या नावानं ओळखली गेली आणि ‘स्टेशन वॅगन’ झाली. तुमची आवडती ‘शूटिंग ब्रेक’ तर शिकारीला निघालेली मंडळी, त्यांच्या बंदुका आणि कुत्री वाहून नेणारी. तेव्हा सासऱ्यांना सांगा, जमीन नाही पण जमीनदाराची गाडी येतेय. अ‍ॅम्ब्युलन्सचा शेरा पुसायला एवढं पुरेल असं वाटत नाही, पण बघा.

तो शेरा एकट्या त्यांचा नाही. आपल्याकडे मागे डिकीचा वेगळा डबा दिसला नाही की गाडी अर्धवट वाटते. तुमच्या डॉक्टरांची टाटा इस्टेट १९९२ साली बाजारात आली. पुढे इंडिगो मरीना आली, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी आली. गाड्या कामाच्या होत्या, पण लोकांनी मनावर घेतल्या नाहीत. त्याच पैशांत उंच गाडी मिळत असेल तर आपला माणूस उंच गाडी घेतो. युरोपात नेमकं उलटं घडलं, तिथे इस्टेट ही खात्यापित्या घरची, जरा जाणत्या माणसाची गाडी ठरली. १९८०च्या दशकात बीएमडब्ल्यूच्या माक्स राइजबॉक नावाच्या कर्मचाऱ्याला कुटुंब आणि सामान मावेल अशी ३ सिरीज हवी होती, आणि कंपनी तशी बनवत नव्हती. त्यानं अपघातात ठोकलेली एक गाडी घेतली आणि मित्राच्या गॅरेजमध्ये तिची पाठ स्वतःच्या हातानं लांब केली. कंपनीच्या साहेबांनी ती पाहिली, त्यांना आवडली, आणि तिच्यावरूनच ३ सिरीज टूरिंग निघाली. सांगायचा हेतू असा की या जातीच्या गाडीचा जन्मच तुमच्यासारख्या घरातल्या भांडणातून झालेला आहे.

आता मुद्द्याला येतो. देखणेपणासाठी पैसे घालणं मूर्खपणा नाही. तुम्ही रोज ती गाडी चालवणार, पार्क करून चार पावलं गेल्यावर वळून बघणार, त्या वळून बघण्याला किंमत आहे. मूर्खपणा होतो तो देखणेपणाची किंमत कुठे भरतोय हे न कळता ती भरण्यात. आणि इस्टेटमध्ये ती नेहमी एकाच ठिकाणी भरावी लागते, छपराच्या मागच्या उतारावर.

हे आकड्यांत बघा, कारण डीलरच्या तोंडून तुम्हाला अर्धाच आकडा ऐकू येईल. २०१९ साली आलेल्या सीएलए शूटिंग ब्रेकची डिकी ५०५ लिटरची. त्याच वर्षी आलेल्या ३ सिरीज टूरिंगची ५००. म्हणजे देखणी गाडी पाच लिटरनं पुढे! डीलर इथेच थांबेल. तुम्ही थांबू नका. मागच्या सीट पाडल्यावर बीएमडब्ल्यूमध्ये १५१० लिटर होतात, सीएलएमध्ये १३७०. एवढा फरक आला कुठून? पहिला आकडा मोजतात काचेखाली, सामान झाकायच्या पडद्यापर्यंत, आणि तिथे छपराचा उतार आडवा येतच नाही. दुसरा मोजतात थेट छपरापर्यंत. शिंप्यानं कापड जिथे कापलंय ते तिथे दिसतं.

मग प्रश्न असा की तुम्ही छपरापर्यंत सामान कधी भरता? सुटकेस असतात तेव्हा बहुतेक वेळा नाही. विमानाच्या चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटीमीटरपर्यंत असते, ती आडवी टाकली की पडद्याखाली बसते. दोन आडव्या, त्यावर हँडबॅगा, आणि साताऱ्याहून आलेला कंदी पेढ्यांचा डबा कुणाच्या तरी मांडीवर. इथपर्यंत सीएलए तुम्हाला दगा देणार नाही. दगा कधी देईल? कपाटाचं खोकं, मुलाची सायकल, पेटीवर ठेवलेला तबला, किंवा गणपतीची मूर्ती उभी न्यायची असेल तेव्हा. वर्षातून असे किती दिवस येतात ते तुम्हीच मोजा. पाच असतील तर विसरून जा. पन्नास असतील तर उतरत्या छपराची गाडी तुमची नव्हे.

माझी खरी शंका डिकीबद्दल नाहीच. ती मागच्या सीटबद्दल आहे, आणि तिथे तुमच्या नवऱ्याचं म्हणणं तुम्ही पत्रात जरा घाईनं बाजूला सारलंय.

सीएलए ही मर्सिडीजच्या ए-क्लास या लहान गाडीच्या घराण्यातली. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,७२९ मिलिमीटर. व्होल्व्हो व्ही ६० मध्ये ते २,८७२, म्हणजे जवळपास चौदा सेंटीमीटर जास्त, आणि त्यातले बरेचसे मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांच्या वाट्याला येतात. बाहेरून मोजाल तर सीएलए ४.६९ मीटर आणि व्ही ६० ४.७६ मीटर, फरक वीतभरही नाही. त्यात सीएलएचं छप्पर मागच्या दरवाज्यावरच खाली यायला लागतं, त्यामुळे आत शिरताना मान वाकवावी लागते, आणि खिडक्या अरुंद असल्यानं मागे जरा अंधारल्यासारखं वाटतं. मुलांपैकी कुणाला गाडी लागत असेल तर हे लक्षात ठेवा, बाहेर न दिसण्यानं मळमळ वाढते.

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी ‘उंच गाडी बरी’ एवढं म्हणून भागत नाही, मोजायला लागतं. घरातल्या कोणत्या खुर्चीवरून त्या हात न टेकता उठतात ते बघा आणि तिची जमिनीपासूनची उंची मेजरिंग टेपनं मोजून कागदावर लिहा. मग गाडीच्या सीटची कड जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. दोन आकडे जितके जवळ तितकं बरं. साध्या इस्टेटची सीट खुर्चीहून खाली असते, तिच्यात माणूस ‘बसत’ नाही, ‘उतरतो’, आणि निघताना चढतो. छोट्या एसयूव्हीमध्ये सीट साधारण कमरेच्या पातळीला येते. नवरोबांचा हा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. पण त्यांना एक विचारा, डिकीचं काय? व्होल्व्होची छोटी एसयूव्ही एक्ससी ४० आली तेव्हा तिची डिकी ४६० लिटरची होती, म्हणजे वर दिलेल्या दोन्ही इस्टेटपेक्षा लहान. शिवाय २३ किलोची बॅग तिच्यात जास्त उंच उचलून टाकावी लागते. हीथ्रोवर ती कोण उचलतं ते मला माहीत नाही, पण माझ्या घरी मी उचलतो आणि माझी कंबर मला दोन दिवस त्याची आठवण करून देते.

मधला रस्ता आहे, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही याचं मला नवल वाटलं. व्होल्व्हो व्ही ६०चं क्रॉस कंट्री हे रूप बघा. तीच लांब, सुबक पाठ, तीच डिकी, फक्त गाडी साध्या व्ही ६०पेक्षा ६० मिलिमीटर उंच. सहा सेंटीमीटर ऐकायला काहीच वाटत नाहीत. दुखऱ्या गुडघ्याला विचारा. चाकांवर काळी प्लास्टिकची किनार असते, ती काहींना खटकते. मला ती शोभते असं वाटतं, पण साडीच्या काठाबद्दल जसं दोघांचं एकमत होत नाही तसंच हे. चारही चाकांना ताकद जाते, त्यामुळे पेट्रोल थोडं जास्त पिते.

आणखी एक सोपा उपाय, ज्याला एक पौंडही लागत नाही. सासूबाईंना पुढे बसवा. पुढची सीट मागे सरकते, दरवाजा मोठा असतो, आणि पुष्कळ गाड्यांत शेजारच्या सीटचीही उंची वर घेता येते (सगळ्यांत नाही, तेव्हा बघून घ्या). अडचण एकच, सातारकर सासरे पुढची सीट सोडतील का? तो प्रश्न या सदराच्या आवाक्याबाहेरचा आहे.

डिझेलबद्दल मात्र मी ठाम आहे. घेऊ नका. डीलर हायवेवर रोज साठ मैल जाणाऱ्या माणसाचा सल्ला तुम्हाला देतोय. डिझेल गाडीच्या धुरातली काजळी एका गाळणीत साठते आणि गाडी बराच वेळ गरम राहून पळाली की जळून जाते. दोन मैलांच्या शाळेच्या फेरीत इंजिन धड गरमही होत नाही. ती गाळणी तुंबली की डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि त्या दिव्याचं बिल शेकड्यात येतं. अनुभवावरून सांगतोय. पूर्वी मी एक डिझेल इस्टेट घेतली होती, कंपनीचं नाव नको, चूक तिची नव्हतीच. मुलीला नर्सरीत सोडायला मी ट्रकचं इंजिन घेऊन जात होतो. शेवटी दर रविवारी काही काम नसताना मोटरवेवर वीस मैल जाऊन परत यायचो, गाळणी साफ व्हावी म्हणून. जे अ‍ॅव्हरेज वाचलं ते त्यात गेलं.

लंडनला महिन्यातून एकदा जाता ते महाराष्ट्र मंडळात जात असाल असा माझा अंदाज. मंडळ डॉलिस हिलला आहे, आणि २९ ऑगस्ट २०२३पासून लंडनचे सगळे बरो (म्हणजे पालिका विभाग) प्रदूषण शुल्काच्या कक्षेत आले. तुमच्या बजेटातल्या गाड्या एवढ्या नव्या असतील की त्याची चिंता नको. पण जुन्या, साधारण सप्टेंबर २०१५च्या आधीच्या डिझेलला दिवसाला साडेबारा पौंड पडतात, हे डिझेल सुचवणाऱ्या मित्रमंडळींना सांगायला हरकत नाही.

प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोलच्या जोडीला चार्ज करायची बॅटरी असलेली गाडी? घरी चार्जिंग होत असेल तर बारा मैलांचं ऑफिस विजेवर आरामात होईल, मोह रास्त आहे. पण बॅटरी बसते कुठे ते विचारा. ३ सिरीज टूरिंगच्या प्लग-इन रूपात ५०० लिटरचे ४१० होतात. मर्सिडीजच्या सध्याच्या सी-क्लास इस्टेटमध्ये ४९०चे थेट ३६०. लांब पाठीची गाडी घ्यायची आणि पाठीत बॅटरी भरायची, हे मला पटत नाही. व्होल्व्होनं बॅटरी गाडीच्या तळातल्या मधल्या बोगद्यात घातलीय, म्हणून तिथे हा त्रास कमी.

आता पैशांचा एक सापळा, जो सेकंड हँड घेणाऱ्याला हमखास लागतो. गाडी नवी असताना तिची छापील किंमत, कारखान्यात बसवलेले जास्तीचे लाड धरून, ४०,००० पौंडांवर गेली असेल तर रोड टॅक्सवर दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षं महागड्या गाडीचा अधिभार बसतो. २०२५-२६ साली तो ४२५ पौंड होता, नेहमीचे १९५ वेगळे, म्हणजे वर्षाला ६२०. तुम्ही ती २४,०००ला घेतली म्हणून तो सुटत नाही, पहिल्या मालकाला किती सूट मिळाली होती यालाही अर्थ नाही. तुम्ही बघताय त्या गाड्या नव्या असताना नेमक्या याच ४०,०००च्या रेषेच्या अल्याड-पल्याड होत्या. पहिल्या मालकानं काचेचं छप्पर आणि भारी स्पीकर घेतले, आणि त्याची वर्गणी तुम्ही भरताय. यातून सुटायची वाट सरळ आहे. गाडीला सहा वर्षं पूर्ण झाली की अधिभार संपतो. तेव्हा चार वर्षांच्या गाडीवर जीव टाकण्यापेक्षा सहावं वर्ष ओलांडलेली, कमी पळालेली, सगळ्या सर्व्हिस वेळेवर झालेली गाडी शोधा. आणि विकणारा "टॅक्स भरलेला आहे" म्हणाला तर फक्त हसा. तो टॅक्स गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही, घरी न्यायच्या दिवशीच तुमच्या नावानं नवा भरावा लागतो.

गाडीच्या नंबरावरून एमओटीचा, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, सगळा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. दर वर्षीचं मायलेज आणि परीक्षकाचे शेरे वाचा. ‘टायर एका बाजूनं झिजलेत’ हा शेरा दोन वर्षं सलग असेल तर मालक कसा होता ते कळतं. गाडीवर कुणाचं कर्ज शिल्लक नाही ना, हे वीसेक पौंड देऊन तपासा. डीलरकडूनच घ्या. मोठा दोष निघाला तर पहिल्या ३० दिवसांत गाडी परत करून पैसे मागायचा हक्क तुम्हाला २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानं डीलरकडून मिळतो, खाजगी विक्रेत्याकडून नाही. आणि बयाण्याचा काही भाग क्रेडिट कार्डावर द्या. गाडीची किंमत ३०,०००च्या आत असल्यानं थोडी रक्कम जरी कार्डावर असली तरी डीलर बुडाला तर पूर्ण रकमेसाठी बँकेला धरता येतं. डीलर कुरकुरेल, कुरकुरू द्या.

देखणेपणावर परत येतो, कारण तिथे अजून एक खाच आहे. जाहिरातीत तुम्हाला मोठ्या चाकांची, खेळाडू पोशाखातली गाडी जास्त आवडेल. १९ इंची चाकं दिसतात छान. पण चाक मोठं झालं की टायरची रबराची भिंत बारीक होते, आणि इंग्लंडच्या रस्त्यांवरचा प्रत्येक खड्डा सासूबाईंच्या मणक्याला कळतो. (खड्डे काय फक्त पुण्यात असतात असं आपल्याला इथे येईपर्यंत वाटतं.) १७ किंवा १८ इंची चाकांची गाडी घ्या. देखणेपण पाठीच्या रेषेत असतं, चाकात नाही.

ड्राइव्हवेही मोजून घ्या. इथलं पार्किंगचं नेहमीचं खण ४.८ मीटर लांब असतं आणि या गाड्या ४.७ च्या आसपास. सुपरमार्केटमध्ये मागचा दरवाजा उघडायला जागा उरत नाही, मग लोक आट्याची गोणी मागच्या सीटवर कोंबतात आणि म्हणतात डिकी कशाला घेतली. ३ सिरीज टूरिंगला इथे एक सुंदर सोय आहे. मागची काच तेवढी वेगळी उघडते, पूर्ण दरवाजा न उचलता पिशवी आत टाकता येते. रोजच्या वापरात या एका गोष्टीनं मी त्या गाडीला दहा लिटर जास्त देईन. तुम्हाला स्वतःला गाडी हाकायला आवडत असेल, वळणांवर हात शिवशिवत असतील, तर माझ्या यादीत ती दुसरी. ऑडी ए ४ अवांतही बघा, चुकीचं तिच्यात काही नाही, फक्त तुमच्या पत्रातली मान तिच्याकडे वळेल असं मला वाटत नाही.

पहिली अर्थात व्ही ६०, मिळाली तर क्रॉस कंट्री, पेट्रोल, सहा वर्षं उलटलेली. पेट्रोलमधली शोधायला वेळ लागेल, दोन महिने गेले तरी चालतील.

आणि सीएलए? तिला मी बाद करत नाही. रविवारी घरातल्या सर्वांत मोठ्या दोन बॅगा कपडे भरून बरोबर घ्या, मुलं घ्या, सासू-सासऱ्यांना घ्या. सासूबाईंना साडीत येऊ द्या, सलवार-कमीजमध्ये नको, कारण हीथ्रोवर त्या साडीतच उतरतात. डीलरकडे गेल्यावर बॅगा तुम्ही स्वतः टाका, सेल्समनला हात लावू देऊ नका. मग सासूबाईंना कुणीही हात न देता मागच्या सीटवर तीनदा बसू आणि उठू द्या. पहिल्यांदा त्या तुमच्यासाठी हसतील, दुसऱ्यांदाही "काही त्रास नाही गं" म्हणतील. तिसऱ्यांदा त्या दरवाज्याची चौकट कशी धरतात तेवढं बघा. नुसती धरली तर सीएलए घ्या, आणि मला फोटो पाठवा. घट्ट धरली तर तिथून सरळ व्होल्व्होवाल्याकडे जा, बॅगा बरोबर आहेतच.